मोजपट्टी कुणाच्या हातात?

एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात ‘संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र’ नावाचा एक पेपर असतो. तो कशासाठी असतो, असं कुठल्याही विद्यार्थिनीला विचारा. लघुप्रबंधासाठी, असं उत्तर मिळेल. लघुप्रबंध कशासाठी? पदवीसाठी. पदवी? नोकरीसाठी. माणसांचं जगणं मोजायला शिकवणारा विषय असा एका बांधीव वहीपुरता उरतो. दुसऱ्या बाजूला आपल्या चळवळीतल्या एखाद्या जुन्या कार्यकर्तीला विचारा. ती म्हणेल, ‘आकडे सरकारचे, आपल्याकडे बायकांचे अनुभव आहेत.’ एकीकडे घोकंपट्टी, दुसरीकडे नावड. या दोन्हींच्या मध्ये मोजपट्टी राहते ती तलाठ्याच्या, प्रगणकाच्या आणि सल्लागार कंपन्यांच्या हातात.

मैत्रिणींनो, माझं या दोन्ही बाजूंशी भांडण आहे. ज्याच्या हातात मोजपट्टी त्याच्या हातात यादी, आणि ज्याच्या हातात यादी त्याच्या हातात रेशन, नुकसानभरपाई, परवाना आणि योजना. बायकांचे अनुभव कितीही खरे असले तरी यादीत नसलेल्या बाईच्या हातात काही पडत नाही. म्हणून मोजणं शिकणं हे आपल्यासाठी साक्षरतेइतकंच, कायद्याच्या माहितीइतकंच गरजेचं काम आहे. आणि ते आज विद्यापीठात ज्या पद्धतीनं शिकवलं जातं, त्या पद्धतीनं ते आपल्या कधीच उपयोगी पडणार नाही.

‘माका काय काम?’

तोंडवळी हे मालवण तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची कालावल खाडी, मधे तळाशीलपर्यंत गेलेली वाळूची पट्टी. माड, थोडी भातशेती, मासेमारी आणि मुंबईहून येणारा चाकरमान्याचा पैसा यावर इथली घरं चालतात. बचत गटाच्या बैठकांच्या निमित्तानं या गावात माझं जाणं-येणं आहे. इथल्या कुठल्याही बाईला ‘तुम्ही काय काम करता?’ असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘माका काय काम? मी घराकडेच आसतंय.’

आता ही घराकडे असणारी बाई वर्षभर काय करते ते पाहा. रापण ओढली की मासळी निवडायला, पाट्यांत भरायला ती वाळूवर हजर. ताजी मासळी घेऊन आचऱ्याच्या नाहीतर मसुऱ्याच्या बाजाराला जाणारी तीच. उरलेल्या मासळीला मीठ लावून, सुकवून, कावळ्या-कुत्र्यांपासून राखून पावसाळ्याची तजवीज करणारीही तीच. सुकतीच्या वेळी खाडीत उतरून तिसऱ्या, खुबे, कालवं काढते. मे महिन्यात काजूच्या बिया, रातांब्यांची आमसुलं. पाऊस लागला की तरवा काढणं आणि लावणी. मधल्या वेळात झावळ्या विणणं, गुरं, लाकूडफाटा, पाणी. शिवाय स्वयंपाक, मुलं, आजारी सासू आणि दारू पिऊन आलेला नवरा.

यातलं काम कोणतं आणि ‘घराकडे असणं’ कोणतं? बैठकीत मी हा प्रश्न टाकते तेव्हा आधी हसू उठतं. मग एखादी म्हणते, ‘मगे ह्या सगळा कोण करता?’ इथेच संशोधन पद्धतीचा पहिला धडा सुरू होतो. पुस्तकात त्याला ‘कार्यकारी व्याख्या’ म्हणतात. एखादी गोष्ट मोजायची असेल तर आधी ती कशाला म्हणायचं हे ठरवावं लागतं. परीक्षेत या व्याख्येला पाच गुण असतात. तोंडवळीच्या बाईसाठी तिच्यावर तिचं कामगार असणं-नसणं अवलंबून असतं.

व्याख्या बदलली आणि बायका नाहीशा झाल्या

हे मी वाढवून सांगत नाही. आपल्याच जनगणनेचा इतिहास पाहा. १९६१च्या जनगणनेत हंगामी कामासाठी सैल व्याख्या होती. हंगामातला बराच काळ रोज तासाभराहून जास्त नियमित काम केलं तरी माणूस कामगारांत धरला जाई. १९७१ साली ही व्याख्या बदलली. मुख्य काम कोणतं, ते आधी विचारायचं असं ठरलं. बाई अर्थातच ‘घरकाम’ म्हणाली आणि बाहेर पडली. कामकरी बायकांची संख्या १९६१मध्ये सुमारे सहा कोटी होती, ती १९७१मध्ये तीन कोटींच्या आसपास आली. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कामकरी बायकांनी हातातली विळी-पाटी खाली ठेवली होती का? काही कामं खरोखर गेली असतील. पण या घसरणीचा मोठा भाग प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून आला होता. नवी व्याख्या अपुरी पडली म्हणूनच १९८१ साली वर्षातून १८३ दिवस किंवा जास्त काम करणारे ‘मुख्य’ आणि त्याहून कमी करणारे ‘सीमांतिक’ कामगार, अशी विभागणी करावी लागली. आणि १९९१च्या प्रश्नात, घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदल्यानं केलेलं कामही धरा, असे शब्द घालावे लागले. हे शब्द आपोआप आलेले नाहीत. १९७४चा ‘समानतेकडे’ हा अहवाल, स्त्री-अभ्यासकांचं काम आणि स्त्री संघटनांचा रेटा यांतून ते आले.

तरीही २०११च्या जनगणनेत पुरुषांमध्ये कामकऱ्यांचं प्रमाण ५३.३ टक्के, तर बायकांमध्ये फक्त २५.५ टक्के. आपल्या किनाऱ्यावर उभं राहून हा आकडा वाचला की तो चुकीच्या वहीतला वाटतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे प्रत्येक माणसाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी लाकूडफाटा, भाजीपाला, चारा गोळा करणारी, शिवणटिपण करणारी. दोघीही ‘श्रमशक्तीच्या बाहेर’. घरासाठी लाकूडफाटा आणि चारा गोळा करणारी तोंडवळीची बाई हा ९३ क्रमांक डोक्यावर घेऊन फिरते. वास्तविक संयुक्त राष्ट्रांच्या १९९३च्या राष्ट्रीय हिशेब पद्धतीनं घरच्या वापरासाठी तयार केलेल्या वस्तूही उत्पादनात धरल्या. २०१३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेनं तर स्वतःच्या घरासाठी केलेलं उत्पादन आणि सेवा या दोन्हींना ‘काम’ म्हटलं, आणि पैशासाठी किंवा नफ्यासाठी केलेल्या कामाला ‘रोजगार’ असं वेगळं नाव दिलं. जगात हे होऊन गेलं. आपल्याकडे ९२ आणि ९३ तसेच आहेत.

राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या खेड्यांत १९७६-७७ साली देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी याच क्रमांकांचा पाठपुरावा केला होता. त्यांनी बाईला ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारण्याऐवजी तिचा अख्खा दिवस नोंदवला. ‘कामकरी नाही’ अशा खात्यात पडलेल्या बायका शेतात आणि खळ्यावर राबताना सापडल्या. मोजमापाच्या भाषेत सांगायचं तर जुन्या प्रश्नाला ‘वैधता’ नव्हती. म्हणजे जे मोजतोय असं तो म्हणत होता, ते तो मोजतच नव्हता. वैधता हा शब्द मी वर्गात शिकले. तिच्या तीन-चार प्रकारांची नावं पाठ केली. पण त्या वर्गात देवकी जैन यांचं नाव कुणी घेतलं नाही आणि १९६१ ते १९७१ या दशकात तीन कोटी बायका कुठे गेल्या, हा प्रश्नही फळ्यावर आला नाही.

वर्गात काय शिकवतात?

हे एका महाविद्यालयाचं गाऱ्हाणं नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेल्या मैत्रिणींशी बोलले की चित्र फारसं बदलत नाही. शून्य गृहीतक मांडा. साठ जणींचा नमुना घ्या. प्रश्नावली भरून आणा. संगणकावर काय-वर्ग कसोटी लावा. ०.०५च्या खाली आलं तर ‘लक्षणीय’, वर गेलं तर ‘लक्षणीय नाही’. साठच का? त्या साठ जणींमध्ये घरातून बाहेर पडू न शकणारी बाई आली का? प्रश्न विचारताना तिची सासू शेजारी बसली होती का? हे प्रश्न तोंडी परीक्षेत येत नाहीत.

दुसरा प्रकार परक्या मोजपट्ट्यांचा. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली मतं मोजायची एक पद्धत मांडली. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच पायऱ्या. पद्धत वाईट नाही. पण ‘स्त्री सक्षमीकरण’ मोजायला याच पाच पायऱ्या गाबतिणीच्या दारात नेल्या की काय होतं? ‘घरातले निर्णय मी स्वतंत्रपणे घेते’ या वाक्यावर ती विचारते, ‘कसले निर्णय?’ मासळी किती दरानं द्यायची हे तीच ठरवते, पण मुलीचं लग्न कुठे करायचं हे ठरवताना तिला विचारत नाहीत. मुंबईचा नवरा फोनवर आहे, गावात दीर आहे. एका वाक्याला ती एकाच वेळी पहिल्या आणि पाचव्या पायरीवर उभी असते. संशोधक घाईत असतो, तो तिला मधल्या तिसऱ्या पायरीवर बसवतो. पुढे या तीन-तीनची सरासरी निघते आणि सरासरीवर निष्कर्ष उभा राहतो.

आणखी एक गोष्ट शिकवली जात नाही. ही साधनं कुणी आणि कशासाठी घडवली? गाल्टन, पिअर्सन आणि फिशर हे आधुनिक संख्याशास्त्राचे मोठे पुरुष. तिघेही ‘चांगल्या’ वंशाची पैदास वाढवावी असं सांगणाऱ्या सुप्रजननशास्त्राचे पुरस्कर्ते होते. त्यांची सूत्रं टाकून द्या, असं मी म्हणत नाही. सुरी कुणी घडवली म्हणून मासे कापायचं कुणी सोडत नाही. पण मोजणी कधीच निरागस नसते, एवढं तरी विद्यार्थिनीला कळायला नको का? याच शास्त्राचा दुसरा वारसाही आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव आपल्याला दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ठाऊक असतं. ती संख्याशास्त्रज्ञ होती. क्रायमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, हे तिनं आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सभासद झाली. हा वारसा आपला आहे, पण आपल्याला तो सांगितला जात नाही.

‘दुःख मोजता येत नाही’

आता आपल्या घरातलं भांडण. आपल्याकडे पुष्कळ जणींना वाटतं की मोजमाप ही पुरुषी, सरकारी, कोरडी गोष्ट आहे. बाईच्या वेदनेला टक्क्यांत बसवणं हा तिचा अपमान आहे. एका बाईची खरी गोष्ट शंभर तक्त्यांपेक्षा मोठी. या म्हणण्यात तथ्य आहे. आपली चळवळच एकमेकींच्या गोष्टी ऐकण्यातून उभी राहिली. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत बायकांना मोजावी लागते.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरी दर बाईमागे ३.६. आणि याआधी कधी स्त्रीरोगांची तपासणी झालेल्या बायका आठ टक्केसुद्धा नव्हत्या. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं या गोष्टी गावोगावच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. त्या गोष्टी आपण शिबिरांत ऐकतही होतो. पण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या सरकारी आणि जागतिक समजुतीला जो धक्का बसला, तो त्या ९२नं दिला. दवाखान्यात आलेल्या बायकांपुरता अभ्यास केला असता तर ‘आजारी बायकाच येतात’ म्हणून तो बाजूला टाकता आला असता. गावातल्या, तक्रार असलेल्या आणि नसलेल्या अशा सगळ्या बायकांना बोलावलं, म्हणून तो टाकता आला नाही. यालाच नमुना निवड म्हणतात. हा धडा पुस्तकात सगळ्यात रटाळ असतो.

दुसरं उदाहरण मारहाणीचं. नवऱ्याच्या छळाचे किती गुन्हे नोंदले गेले हा आकडा आपण भाषणात वापरतो. पण तो हिंसेचा आकडा नाही, पोलीस ठाण्याच्या दाराचा आकडा आहे. दार उघडलं की तो वाढतो. एखाद्या तालुक्यात समुपदेशन केंद्र सुरू झालं आणि गुन्हे वाढले, तर हिंसा वाढली असं म्हणायचं की बायकांचा धीर वाढला असं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातल्या एकाच बाईला, एकांत मिळाला तरच, हे प्रश्न विचारायचे असा नियम आहे. त्यामुळे दाराआडचं थोडंफार दिसतं. २०१९-२१च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुठे मदत मागितली होती, आणि ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. म्हणजे आपल्या केंद्रात येते ती बाई अपवाद आहे. आपल्याकडे येणाऱ्यांच्या गोष्टींवरून न येणाऱ्यांचं चित्र काढायचं नसतं, हे आपल्याला त्या ७७ टक्क्यांनी शिकवलं पाहिजे. त्यांचा ‘अनुभव’ आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही.

तिसरं न्यायालयाचं. २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या बरोबरीनं अनुत्पादक गटात घातलं होतं. २०१० साली अरुणकुमार अगरवाल खटल्यात न्यायमूर्ती गांगुली यांनी त्यावर कडक ताशेरे मारले. पुढे २०१९ साली देशभरात पहिल्यांदा वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातल्या बिनपगारी कामात ते करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७, असं तिच्यात निघालं. जानेवारी २०२१मध्ये, अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमका हाच आकडा निकालपत्रात घेतला आणि गृहिणीच्या कामाला पैशात किंमत धरली पाहिजे असं सांगितलं. आपण चाळीस वर्षं तेच सांगत होतो. कोर्टाला हातात धरायला २९९ मिळाले.

या २९९वरही माझं भांडण आहे. त्या पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडलेले होते. मासे सुकत घातलेत, एक डोळा कावळ्यांवर, काखेत मूल, चुलीवर भात, तर या अर्ध्या तासाचं मुख्य काम कोणतं? आणि तोंडवळीच्या बाईचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-सुकतीवर चालतो. सुकती रोज सरकते, तसं तिचं काम सरकतं. एका दिवसाची नोंद घेऊन तिचं वर्ष हाती लागत नाही. पण हे भांडण करायचं असेल तरी मोजणं कळलं पाहिजे. ‘आकड्यांवर आमचा विश्वास नाही’ म्हणणाऱ्या बाईला पाहणी सुधारा असं सांगता येत नाही. २०२४च्या पाहणीत हाच आकडा २८९ आणि ८८ झाला. फरक फार नाही. तो खरा की मोजण्यातला, हे विचारायला आपल्यातली कोण पुढे येणार आहे?

‘बायकांचा जिल्हा’

आकडा वाचता न येण्याचा तोटा आपल्या जिल्ह्याला चांगला ठाऊक असायला हवा. २००१ साली सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०७९ बायका होत्या, २०११ साली १०३६. राज्यात मुलींचं प्रमाण घसरत असताना या आकड्यावर आमच्याकडे भाषणं झाली, ‘कोकणात बाईला मान आहे’ म्हणून. मान कसला? पुरुष मुंबईला गेलेत. गिरण्या होत्या तेव्हा गिरणीत, आता हॉटेलांत, कुरिअरमध्ये, जहाजांवर. हा आकडा बाईच्या मानाचा नाही, पुरुषाच्या गैरहजेरीचा आहे. मुलगी जन्माला येऊ देतात की नाही हे पाहायचं तर सहा वर्षांखालच्या मुलामुलींचं प्रमाण वेगळं काढावं लागतं. आणि दहा वर्षांत १०७९चे १०३६ झाले, ते पुरुष परत आले म्हणून, बायकाही शहरात गेल्या म्हणून, की आणखी कशानं, हे तपासल्याशिवाय कुणी छाती फुगवू नये.

त्याच घरांत कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात मात्र मुंबईच्या नवऱ्याचं नाहीतर म्हाताऱ्या सासऱ्याचं नाव लागतं. शेत, घर, कर्ज, मुलांची शाळा सगळं बाई ओढते आणि कागदावर ती ‘पत्नी’ किंवा ‘सून’ असते.

यादीत नाव कुणाचं?

किनाऱ्यावर हा प्रश्न पोटाशी येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं २००५, २०१० आणि २०१६ साली मच्छीमारांची गणना केली. तिच्यात समुद्रात जाणारा तो ‘सक्रिय मच्छीमार’. मासळी विकणारी, सुकवणारी, सोलणारी येते ‘संलग्न’ कामांत. व्याख्येनंच धंद्याचा मालक आणि मदतनीस ठरवून टाकला. होडी पाण्यात असते ते काही तास. मासळी पैशात बदलते ती वाळूवर आणि बाजारात, बायकांच्या हातांनी. ते काम संलग्न का?

२०१९च्या क्यार आणि महा वादळांनंतर राज्य सरकारनं मच्छीमारांसाठी मदत जाहीर केली, तेव्हा तिच्यात रापणकारांबरोबर लहान मासळीविक्रेत्यांनाही धरलं होतं. हे चांगलंच झालं. पण मासळीविक्रेती कोण हे ठरवायला कागद लागतो, आणि जी ‘घराकडेच आसतंय’ म्हणते तिच्याकडे तो नसतो. मे २०२१मध्ये तौक्ते याच किनाऱ्यावरून गेलं. मे म्हणजे पावसाळ्यासाठी मासळी सुकवून ठेवण्याचा महिना. पंचनाम्यात घराला, झाडाला, होडीला, जाळ्याला रकाना असतो. वाळूवर सुकत पडलेल्या खाऱ्या मासळीला रकाना कुठे असतो? ते नुकसान झालं, बायकांनी पुढचे चार महिने सोसलं, आणि ते कुठेही लिहिलं गेलं नाही.

दुसरीकडे मोजणाऱ्यांची या गावांत कमी नाही. तोंडवळी-वायंगणीत सी-वर्ल्डचा घाट घातला गेला, तेव्हा जमीन किती एकर लागेल याची चर्चा मुंबईपर्यंत झाली. लोक विरोधात उभे राहिले. पर्यटन, कांदळवन, कासवं, प्रवाळ यांचेही अभ्यास या किनाऱ्यावर होतच असतात. विद्यार्थी येतात, प्रश्नावल्या भरतात, चहा पितात, जातात. बायका विचारतात, ‘त्या पोरग्यान लिवन न्हेला, त्याचा फुडे काय झाला?’ मी काय उत्तर देऊ? तिचा दुपारचा एक तास गेला, घरातल्या गोष्टी परक्याला सांगून झाल्या, आणि अहवाल कुठल्यातरी कपाटात इंग्रजीत पडून आहे. याला मी चोरीच म्हणते. संमतीच्या कागदावर अंगठा घेतला म्हणून ती चोरी राहत नाही असं नाही.

मग काय करायचं?

विद्यापीठांकडे माझ्या चार मागण्या आहेत. संशोधन पद्धती शिकवताना आपल्या देशातल्या मोजणीचा इतिहास शिकवा. जनगणनेच्या व्याख्या, ९२-९३, १९८८चा ‘श्रमशक्ती’ अहवाल, गडचिरोली हे सगळं अभ्यासक्रमात हवं. दुसरं, कसोट्या लावण्याआधी विद्यार्थिनीला एका बाईबरोबर एक पूर्ण दिवस बसवा, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि मग प्रश्नावली लिहायला सांगा. तिसरं, लघुप्रबंधाचे काही गुण राखून ठेवा ते अभ्यास झालेल्या गावात मराठीत निष्कर्ष वाचून दाखवण्यासाठी. गावानं चूक काढली तर ती प्रबंधात लिहायची. चौथं, गणिताला घाबरणाऱ्या मुलींना हसू नका. त्यांना शाळेतच ‘तुझ्या बसकी बात नाही’ म्हणून सांगितलेलं असतं. दिवसाचा हिशेब तोंडी करणारी मासेवाली सरासरी, टक्का आणि नफा-तोटा रोज काढते. संख्याशास्त्र तिच्या पाटीपासून सुरू करा, मुलींना कळेल.

आणि आपण, संघटना? आपल्या केंद्रांतल्या केस-वह्या नीट भरा. बाई कितव्या वेळी मार खाल्ल्यावर आली, आधी कुठे गेली होती, कुणी परत पाठवलं, हे दर वेळी एकाच पद्धतीनं लिहा. नावं कुलुपात ठेवा, बेरीज बाहेर काढा. महिला मंडळात महिन्यातून एकदा आठवड्याचा कामाचा तक्ता भरा. लिहिता येत नसेल तर शिंपल्या ठेवा, भरतीच्या वेळची कामं एका ओळीत, सुकतीच्या वेळची दुसऱ्या. तोंडवळीत असं करून पाहिलं, तेव्हा आपापली ओळ पाहून बायका बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीच नवऱ्यांची ओळ मांडा म्हणून सांगितलं.

सगळ्यात तातडीचं काम जनगणनेचं आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही. जून २०२५च्या अधिसूचनेप्रमाणे नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. या वेळी ती मोबाइलवर होणार आहे, जातही नोंदली जाणार आहे. दारात येणारा प्रगणक तुमच्याच शाळेतला मास्तर असेल. त्याच्यापुढे बोलणारा घरातला पुरुष असेल आणि तो ‘आमची ही घरीच असते’ असं म्हणेल. तेव्हा बाईनं पुढे होऊन सांगायला हवं, की मी मासळी विकते, मी सुकवते, मी घरच्या शेतात राबते, वर्षातून एवढे महिने. हे दोन वाक्यांत सांगायची तयारी प्रत्येक वाडीत आधीच करून घ्यायची आहे. अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटांच्या अध्यक्षा आणि शाळेतल्या शिक्षिका यांना घेऊन बैठका लावा. प्रगणकांच्या प्रशिक्षणात बायकांच्या कामाबद्दल एक तास द्या, अशी मागणी तहसीलदारांकडे लेखी करा आणि पोच घ्या.

एकदा आकडा छापला की तो पुढची दहा वर्षं योजनांच्या कागदांत राहतो. या वेळी तो छापला जाण्याआधी आपण तिथे असलं पाहिजे. तुमच्या भागात अशा बैठका कशा झाल्या, प्रगणकानं काय लिहून घ्यायला नकार दिला, बायका काय म्हणाल्या, ते या मासिकाकडे लिहून पाठवा, तारीख आणि गावासकट.